एवढंसं तर चावलंय

साप चावून वाचलेल्या माणसाला आयुष्यभर पुरेल एवढा मान मिळतो. लग्नकार्यात लोक त्याला पुढची खुर्ची देतात, पोरं खूण दाखवा म्हणून मागे लागतात, आणि तोही विजार वर सरकवत सापाची लांबी दरवेळी वीतभर वाढवतो. कुत्रा चावलेल्याचीही नीट विचारपूस होते. 'पिसाळलेला नव्हता ना?' असं आवाज खाली आणून विचारतात आणि मग सगळे मिळून महापालिकेला बोल लावतात. विंचवाचं तर सोडाच, त्याला थेट एकनाथांच्या भारुडात जागा मिळालेली. मांजर चावलेल्या माणसाला मात्र मराठी समाजात कुठेही जागा नाही.

'हाताला काय झालं?'

'मांजर चावलं.'

'ओरबाडलं असेल.'

'नाही हो, चावलं.'

'मांजर चावतं?' एवढं विचारून समोरचा माझ्याकडे असा बघतो की चावलं ते ठीक, पण मी त्या गरीब जिवाला असं काय केलं होतं हे त्याला कळायला हवं असतं.

केलं होतं ते असं. चिंचवडच्या आमच्या घरात शांताराम नावाचा एक बोका राहतो. हे नाव मुलीने ठेवलं, तेव्हा तो ओंजळीत मावत होता आणि दिवसभर झोपत होता. पुढे मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली. नाव आणि बोका इथेच राहिले, पण त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. या शांतारामला जंताची गोळी द्यायची होती. जनावरांच्या डॉक्टरांनी मागच्या खेपेला ती स्वतः दिली होती. हनुवटी वर, बोटाने जबडा खाली, गोळी जिभेच्या पार मागे, गळ्यावरून एक हात, झालं. मी खिशातून पैसे काढेपर्यंत त्यांचं आटोपलं होतं. जे काम दुसरा माणूस इतक्या सहज करतो ते आपल्यालाही येत असणार, हा माझा आयुष्यभराचा समज. याच समजापायी मी एकदा घरातला पंखा उतरवला होता, पण तो विषय वेगळा.

आधी मी सभ्य मार्गाने गेलो. बांगड्याच्या तुकड्यात गोळी लपवली. शांतारामने बांगडा खाल्ला आणि गोळी स्वच्छ चाटून फरशीवर ठेवून दिली. मग गोळी कुटून दह्यात कालवली. ते दही त्याने नुसतं हुंगलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेनंतर मी टॉवेल आणला. मुलीने पाठवलेल्या व्हिडिओत एक गोरी बाई मांजराला टॉवेलात गुंडाळून, फक्त डोकं बाहेर ठेवून, हसत हसत गोळी देत होती. तिचं मांजरही हसत असावं असं वाटत होतं.

'मी धरू का?' बायकोने विचारलं.

'नको, दोन माणसं बघून तो घाबरतो,' मी म्हणालो. घाबरण्याच्या बाबतीत त्या खोलीत नेमकी काय परिस्थिती होती हे पुढच्याच क्षणी उघड झालं. टॉवेल माझ्या हातात राहिला, गोळी सोफ्याखाली गेली आणि शांताराम कपाटावर. उजव्या हाताच्या अनामिकेवर, मधल्या पेराच्या सांध्याशी, दोन टिंबं उमटली होती. रक्त म्हणाल तर थेंबभर. 'एवढंसं तर चावलंय,' असं मीच म्हणालो. म्हणजे या वाक्याचा शोध लोकांनी लावलेला नाही. तो माझा आहे.

बोट नळाखाली धरलं, पण क्रिकेटची मॅच चालू होती, त्यामुळे जेमतेम दोन षटकांच्या मधल्या वेळापुरतंच. शेजारच्या काकू आवाज ऐकून आल्याच होत्या. त्यांनी हळद दाबून भरायला सांगितली. त्यांच्या माहेरी कुत्रा चावला की मिरचीची पूड भरत, पण मांजराला एवढी गरज नाही, असंही त्या म्हणाल्या. पाहा, मिरचीतसुद्धा दर्जा खालचा. मी हळद लावली आणि मॅच बघायला बसलो.

आता जे मला नंतर कळलं ते इथेच सांगून टाकतो, कारण ते आधी माहीत असतं तर ही सगळी हकिकत घडलीच नसती आणि तुम्ही दुसरं काही वाचत असता. कुत्र्याचा चावा दिसायला भयानक असतो, कातडं फाटतं, रक्त वाहतं. पण जखम उघडी राहते, धुता येते. मांजराचा सुळा बारीक आणि अणकुचीदार. तो दाभणासारखा सरळ आत जातो, तोंडातले जंतू खोल नेऊन ठेवतो आणि बाहेर येतो. वरचं भोक लगेच मिटतं. त्यात बोटावर मांस ते किती? कातडीपासून सांध्यापर्यंत आणि स्नायूबंधाच्या आवरणापर्यंत अंतर काही मिलिमीटरचं. म्हणून कुत्र्याच्या चाव्यांपेक्षा मांजराचे चावे जास्त चिघळतात. साधारण एक तृतीयांश ते निम्म्या चाव्यांत जंतुसंसर्ग होतो, आणि तोही झपाट्याने, बहुतेकदा चोवीस तासांच्या आत. जखम जितकी फालतू दिसते तितकी ती मुरलेली असते.

मला चोवीस तासही लागले नाहीत. रात्रीच्या जेवणाला घास नीट धरता येईना. झोपायच्या वेळी बोट गरम लागायला लागलं. मध्यरात्रीनंतर ठणका सुरू झाला, तो असा की हृदय छातीतून उठून अनामिकेत राहायला आलं असावं. हात खाली सोडला की ठणका वाढायचा, म्हणून मी हात उंच धरून हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होतो. अंधारात पाणी प्यायला उठलेल्या सासऱ्यांना वाटलं, जावई झोपेत कोणाला तरी आशीर्वाद देतोय.

सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांची सगळी नोकरी पिंपरीच्या एचए कंपनीत गेली. एचए म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभा राहिलेला आपला सरकारी कारखाना. स्वतंत्र भारताचं पेनिसिलिन तिथे बनलं. अण्णा हिशोबखात्यात होते, पेनिसिलिनशी त्यांचा संबंध आवक-जावक वहीपुरता. पण एचएतून निवृत्त झालेला माणूस स्वतःला निम्मा डॉक्टर समजतो आणि उरलेला निम्मा फ्लेमिंग. त्यांनी दिवा लावून बोट बघितलं आणि निकाल दिला.

'जावईबापू, याला पेनिसिलिन पाहिजे.'

'अण्णा, आता पेनिसिलिन कोण देतं?'

'हेच चुकतं तुमचं,' म्हणाले आणि झोपायला गेले.

मी आधुनिक विचारांचा माणूस. मी औषधांच्या डब्यात शोधलं. बायकोच्या पायाला गळू झालं होतं तेव्हाच्या सेफॅलेक्सिनच्या काही कॅप्सूल उरल्या होत्या. पाकिटावर उभी लाल रेघ होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही औषधं घेऊ नका म्हणून २०१६ पासून सरकार या लाल रेघेची जाहिरात करतंय, आणि ती जाहिरात मी स्वतः चारचौघांना फॉरवर्डही केलेली आहे. पण रात्री अडीच वाजता माणूस रेघ बघत नाही, तारीख बघतो. तारीख शिल्लक होती. एक कॅप्सूल घेतली.

सकाळी बोटाचा आकार पाहून माझी मलाच ओळख पटेना. त्यात आणखी एक अडचण पुढे आली. अनामिकेत पोवळ्याची अंगठी होती. मेव्हण्याने एका ज्योतिषांना माझी पत्रिका दाखवून ती घ्यायला लावली होती. मंगळ बिघडलेला आहे, अपघात, जखमा, रक्तपात यांपासून पोवळं राखेल. राखलं ते असं की सूज अंगठीच्या दोन्ही बाजूंनी वर आली आणि मंगळ मध्ये रुतून बसला. साबण लावला, तेल लावलं, तूप लावलं. बोटाला फोडणी तेवढी द्यायची राहिली होती. शेवटी बायकोने शिवणाचा दोरा अंगठीखालून घालून बोटावर घट्ट गुंडाळला आणि एक एक वेढा सोडवत अंगठी वर सरकवली. ही युक्ती नामी आहे. फक्त ज्याचं बोट आहे त्याने त्या वेळी घरात नसावं हे बरं. काकू पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी काही सुचवलं नाही, नुसतं 'अगं बाई' म्हणाल्या, आणि मला पहिल्यांदा जरा धीर आला.

आमच्या डॉक्टर मॅडम कमी बोलतात. दवाखान्यात गेल्यावर मी सवयीने 'काही विशेष नाही, एवढंसं...' अशी सुरुवात केली, तर त्यांनी हात धरून खिडकीशी नेलं. मनगटाकडे लाली चढलेली होती, काखेत अवधाण आलं होतं. ते मला घरी कळलंच नव्हतं, मी अख्खा वेळ बोटाच्याच तैनातीत होतो. त्यांनी बोट हळूच सरळ करून बघितलं. मी जो आवाज काढला त्याने बाहेर बसलेलं एक लहान पोर न तपासताच बरं झालं आणि आईला ओढत घरी निघालं.

'मांजर ना?' त्या म्हणाल्या.

मी काही सांगायच्या आधी! दोन टिंबं बघून या बाईंनी मांजर ओळखलं, ओरबाडलं असेल म्हणाल्या नाहीत, हसल्या नाहीत. त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

बोट अख्खं सारखं सुजलंय का, ते वाकलेलंच राहतंय का, तळव्याच्या बाजूने दाबलं तर कळ येते का, सरळ करताना जीव जातो का, या चार खुणा त्यांनी पाहिल्या. चारही असत्या तर स्नायूबंधाच्या आवरणात पू झाला असं समजून थेट हाताच्या सर्जनकडे, दाखल होऊन, बोट उघडून धुवायचं. माझ्या दोनच भरल्या. मग बॉलपेन घेऊन त्यांनी लालीच्या कडेने माझ्या मनगटावर सीमारेषा आखली. उद्यापर्यंत लाली रेघेच्या बाहेर गेली, ताप आला, बोट वाकवता आलं नाही तर फोन करायचा नाही, सरळ हॉस्पिटलात जायचं.

'काही घेतलं का घरी?'

मी सेफॅलेक्सिनचं नाव हळूच घेतलं. हळदीबद्दल बोललोच नाही, ती दिसतच होती.

'या जंतूला ते फारसं लागत नाही,' त्या म्हणाल्या. 'मांजराच्या तोंडात पाश्चुरेला असतो. त्याला खरं तर साधं पेनिसिलिनही चालतं.'

हे वाक्य अण्णांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही असं मी जागच्या जागी ठरवलं. पण बायको सोबत होती, त्यामुळे ते आम्ही घरी पोचायच्या आधी पोचलं.

साधं पेनिसिलिन मात्र दिलं नाही, कारण मांजराच्या तोंडात पाश्चुरेला एकटा राहत नाही. बरोबर इतर मंडळी असतात, आणि त्यांतल्या काहींकडे पेनिसिलिन फोडून टाकणारं विकर असतं. म्हणून अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांची जोडगोळी. पहिलं जंतू मारतं, दुसरं त्या विकराला अडवून धरतं. स्वतः फारसं काही न करता दुसऱ्याला काम करू देणारं औषध. आमच्या ऑफिसात या गुणाचा एकही माणूस नाही. पाचशे अधिक सव्वाशे अशी ती ६२५ची गोळी. धनुर्वाताचं इंजेक्शन तिथेच झालं. जखमेला टाका नाही, कारण असं भोक शिवलं की पू आत कोंडतो. हात उंच ठेवायचा. आणि आता पालिकेच्या रुग्णालयात जाऊन रेबीजची लस.

'घरचंच मांजर आहे हो,' मी म्हणालो.

'लस टोचलेली आहे त्याला?'

शांतारामची फाइल आमच्याकडे आहे. तिच्यात पहिल्या वर्षीचं कार्ड आहे, आणि त्यावर पुढची तारीख आहे, जी कधीच मागे पडली होती. रेबीज झाला की त्यावर उपाय नाही, त्यामुळे 'बहुतेक नसेल' या शब्दावर कोणी शहाणा डॉक्टर थांबत नाही. लस लगेच सुरू करायची आणि मांजरावर दहा दिवस नजर ठेवायची. ही दहा दिवसांची सवलत कुत्रा आणि मांजर या दोघांनाच आहे. ते तेवढे दिवस धडधाकट राहिले तर चावताना त्यांच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात.

काय बघायचं तेही डॉक्टरांनी सांगितलं. स्वभावात बदल, विनाकारण अंगावर येणं, अंधारात लपून बसणं, खाणं टाकणं, विचित्र ओरडणं. बायकोने हे सगळं कागदावर लिहून फ्रिजला लावलं आणि संध्याकाळी माझ्याकडे बघून म्हणाली, 'अहो, हा तर जन्मल्यापासून असाच आहे.' दहा दिवस आम्ही त्याच्या स्वभावात बदल शोधत होतो. झाला असता तर आनंदच झाला असता.

पालिकेच्या रुग्णालयात चावलेल्यांची वेगळी रांग असते. माझ्या पुढे कुत्रा, कुत्रा, माकड, कुत्रा. माकडवाल्याभोवती घोळका होता. तो गडावर फिरायला गेला होता आणि हातातलं कणीस द्यायला तयार नव्हता. मी हात खाली ठेवून उभा होतो, पण ठणक्यापुढे अब्रू टिकत नाही, मला तो वर करावाच लागला. नोंदवहीवाल्याने विचारलं, 'प्राणी?'

'मांजर.'

रांग वळली.

'पाळीव का भटकं?'

'पाळीव. म्हणजे आमच्या बाजूने.'

आतल्या डॉक्टरांनी जखम बघून कागदावर लिहिलं, 'श्रेणी तीन'. कातडी चाटली तर पहिली श्रेणी, रक्त न येता ओरखडा असेल तर दुसरी, आणि दात कातडीच्या आरपार गेला तर तिसरी. उभ्या आयुष्यात मी परीक्षांपासून रेल्वेपर्यंत तिसऱ्या श्रेणीतच राहिलो, पण तिसरी श्रेणी सगळ्यांत वरची असते हे सुख पहिल्यांदा अनुभवलं. मी बाहेर येऊन माकडवाल्याला त्याची श्रेणी विचारली. तोही तीनच निघाला. तेवढंच दुःख.

तिसऱ्या श्रेणीचा मान फुकट मिळत नाही. लस दंडात, अगदी बारीक सुईने, त्याचं काही नाही. पण तिसऱ्या श्रेणीला लशीबरोबर तयार प्रतिपिंडं द्यायची असतात, कारण लशीने अंगात प्रतिकार तयार व्हायला वेळ लागतो. आणि ही प्रतिपिंडं दंडात नाही, कमरेत नाही, थेट जखमेत आणि तिच्या भोवती भरतात. मात्रा ठरते तुमच्या वजनावर, जागा असते बोटाएवढी. माझं वजन सिस्टरांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. पुढचं वर्णन मी करत नाही. एवढंच सांगतो की टेबलाच्या कडेला रंग निघालेला होता, आणि माझ्या आधीही तिथे पुष्कळ लोक बसून गेले असावेत.

बाहेर बाकावर एक आजोबा नातवाला घेऊन बसले होते. 'काय रडताय,' ते मला म्हणाले, 'आमच्या वेळी पोटात चौदा घ्यायला लागायची.' ही चौदा इंजेक्शनं आपल्या सगळ्यांच्या लहानपणाचा धाक होती, आणि ती खोटी नव्हती. डेव्हिड सेंपल यांनी कसौलीत १९११ साली बनवलेली ती लस मेंढीच्या मेंदूपासून तयार व्हायची आणि पोटाच्या कातडीखाली रोज एक अशी टोचायची. त्या लशीने क्वचित पेशंटच्याच मज्जासंस्थेला इजा व्हायची. तरी आपल्याकडे २००४च्या अखेरीपर्यंत ती बनत होती. आता दंडात, ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी, आणि सरकारी दवाखान्यात फुकट. आजोबांना मी हे सगळं सांगितलं नाही. त्यांचा तो एवढा मोठा दागिना काढून घेणं बरं दिसलं नसतं.

त्या बाकावर बसल्या बसल्या एक गोष्ट लक्षात आली आणि ठणका विसरून मी थोडा हरखलो. रेबीजची पहिली लस लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या पोराला टोचली, हे शाळेत होतं. पण माझ्या बोटात बसलेल्या पाश्चुरेलालाही त्याचंच नाव आहे! कोंबड्यांना कॉलरा होतो तो याच जंतूमुळे, आणि पाश्चरने १८७९-८०च्या सुमारास त्यावर काम करताना जंतू दुबळा करून लस बनवायची रीत शोधली. म्हणजे शांतारामने एका चाव्यात मला एकाच माणसाकडे दोनदा पाठवलं होतं, एकदा बोटासाठी आणि एकदा दंडासाठी. हे मी आनंदाने शेजारच्या माकडवाल्याला सांगायला लागलो, तर तो उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

घरी आल्यावर ६२५च्या गोळीची आणि माझी पहिली भेट झाली. एवढी मोठी गोळी माणसासाठी बनवतात यावर माझा विश्वास बसेना. मी ती जिभेवर ठेवली, पाणी प्यालो, पाणी गेलं, गोळी राहिली. पुन्हा पाणी, पुन्हा तेच. मोडून घेऊ का, केळ्यात घालून घेऊ का, अशी चर्चा मी सुरू केली. बायको शांतपणे बघत होती. मग तिने विचारलं, 'टॉवेल आणू का?'

कपाटावरून शांतारामही बघत होता. मी गोळी गिळली.

पोट बिघडतं म्हणून ही गोळी जेवणाबरोबर घ्यायची असते. तरीही ते बिघडलं. पण त्या आघाडीवरच्या बातम्या देऊन मी मासिकाचा दर्जा खाली आणत नाही. ताक प्यालो, भात खाल्ला, आणि उजवा हात उंच धरून करायची जी जी कामं माणसाला नाइलाजाने करावी लागतात ती केली. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉलपेनच्या रेघेच्या आत लाली मागे सरलेली दिसली. सीमा राखली गेली होती. दोन-तीन दिवसांत ठणका गेला, बोटाला सुरकुत्या दिसायला लागल्या, आणि साहजिकच मला वाटलं की आता बस झाल्या गोळ्या.

इथे अण्णा उभे राहिले. डॉक्टरांच्या वाक्यानंतर घरातलं त्यांचं वजन वाढलं होतंच. रोज सकाळ-संध्याकाळ ते पाकीट हातात घेऊन रिकाम्या खळग्या मोजत, आवक-जावक लावत. आणि जेवताना त्यांनी मला ऑक्सफर्डच्या एका पोलिसाची गोष्ट सांगितली. अल्बर्ट अलेक्झांडर. चेहऱ्याच्या जखमेतून जंतू अंगभर पसरलेले, एक डोळा काढलेला. फेब्रुवारी १९४१मध्ये त्याला पेनिसिलिन दिलं. उपचार म्हणून ते देऊन बघितलेल्या पहिल्या काही माणसांतला तो. दिवसभरात तो सुधारायला लागला, खायला लागला. पण जगातलं शुद्ध केलेलं सगळं पेनिसिलिन म्हणजे जवळपास तेवढंच होतं. ते संपत आलं तेव्हा त्याच्या लघवीतून पुन्हा गाळून काढून त्यालाच दिलं.

'अण्णा, जेवतोय मी.'

'पुढचं ऐका. तेही संपलं. जंतू पुन्हा उसळले, आणि मार्चमध्ये माणूस गेला. त्याला मिळालं नाही म्हणून, आणि तुम्ही मिळत असून सोडताय.' अण्णांनी पाकीट माझ्या ताटाशेजारी ठेवलं. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं तितके दिवस मी गोळ्या घेतल्या. शेवटची तर त्यांच्या डोळ्यांसमोर, तोंड उघडून दाखवून.

ऑफिसचं मात्र वेगळंच झालं. रजेच्या अर्जावर 'मांजर चावल्यामुळे' असं लिहायची माझी हिंमत होईना. डॉक्टरांच्या दाखल्यावर 'प्राणीदंश' असा भारदस्त शब्द होता, तोच मी उतरवला. पिंपरी-चिंचवडमध्ये प्राणीदंश म्हटल्यावर लोकांच्या मनात काय येतं? जुन्नर इथून लांब नाही. मी कामावर पोचायच्या आधी बिबट्या पोचला होता. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे उभे राहिले, मला खुर्ची मिळाली, चहा आला, बँडेजकडे आदराने पाहिलं गेलं. 'अंधारात होता का?' साहेबांनी विचारलं. 'हॉलमध्ये,' मी म्हणालो. मी खोटं एकही वाक्य बोललो नाही. 'आकाराने केवढा?' यावर हाताने दाखवलं, आणि हात सुजलेला असल्यामुळे माप जरा मोठं आलं. दुपारी बायकोने शांतारामच्या तब्येतीची खबर द्यायला म्हणून केलेला फोन चुकून स्पीकरवर गेला नसता, तर मी आज त्या ऑफिसात वेगळाच माणूस असतो.

त्यानंतर मी एक आकडा पाठ केला आहे आणि तो सगळ्यांना ऐकवतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी तीन वर्षांत हाताला मांजर चावलेले १९३ रुग्ण पाहिले, त्यांतल्या ५७ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. दर दहांत तीन. आणि ज्यांना सांध्यावर किंवा मनगटावर चावलं होतं त्यांचा त्यात भरणा. हे ऐकून लोक गंभीर होतात, माझ्या बोटाकडे बघतात, ते आता जवळपास पहिल्यासारखं दिसतं, आणि म्हणतात, 'पण तुम्हाला नाही ना दाखल केलं?'

शांताराम दहा दिवसांनंतर शंभर टक्के निरोगी ठरला, तसं प्रमाणपत्र त्याच्या डॉक्टरांनी दिलं, आणि त्याच भेटीत त्याची मागे पडलेली लसही टोचून घेतली. तो 'म्याव' सुद्धा म्हणाला नाही. माझं बोट शेवटच्या पेराशी किंचित कमी वळतं. सकाळी रबरी चेंडू दाबायचा व्यायाम चालू आहे.

तेव्हा मांजर पाळणाऱ्या वाचकांना एक विनंती. मांजर चावलं तर आधी साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, मॅच कितीही रंगात आलेली असली तरी. हळद, चुना, मिरची, जुन्या कॅप्सूल, यातलं काहीही नाही. हाताला चावलं असेल तर सुजेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. बोटातली अंगठी घरातून निघायच्या आधी काढा. आणि कोणी 'एवढंसं तर चावलंय' म्हणालं तर त्याच्याशी नळापाशी वाद घालत बसू नका. वाद घालायचाच असेल तर त्याला लशीच्या रांगेत सोबत न्या, तिथे वेळ भरपूर असतो.